दारातल्या बागेचा ठेका कशाला?

नगरहून पाथर्डीकडे किंवा जामखेडकडे जाणाऱ्या एस.टी.त खिडकीशी जागा मिळाली, तर रस्त्याकडेच्या नव्या घरांकडे जरा लक्ष देऊन पाहा. स्लॅबचे घर, वर पाण्याची काळी टाकी, लोखंडी फाटक, फाटकापासून ओट्यापर्यंत सिमेंटचे रंगीत ठोकळे आणि बाजूला हिरवळीचा एक चौकोनी तुकडा. पावसाळ्यात हा तुकडा डोळ्यांना गार वाटतो. चैत्र-वैशाखात त्याच रस्त्याने परत या. हिरवळीची तपकिरी चटई झालेली असते आणि कडेची नर्सरीतून आणलेली झाडे माना टाकून उभी असतात. घरमालकाला विचारले तर तो म्हणतो, "टँकर ओतून ओतून थकलो हो. आता जाऊ द्या."

जाऊ द्या म्हणणे सोपे आहे. पण त्या हिरवळीबरोबर पैसेही गेलेले असतात, आणि ते थोडेथोडके नसतात.

वाचकहो, घर बांधताना आपण खिळ्याखिळ्याचा हिशेब ठेवतो. वाळू कुठे स्वस्त, सळई कोणाकडे चांगली, गवंडी कोणता बरा, हे दहा ठिकाणी विचारतो. घर संपत आले की मात्र माणूस पैशाने आणि अंगाने दोन्हीकडून थकलेला असतो. वास्तुशांत आठ दिवसांवर आलेली असते. तेवढ्यात कोणीतरी पाहुणा म्हणतो, "एवढं घर बांधलं, दारात जरा गार्डन नको का?" मग गार्डनवाला येतो, मोबाइलमध्ये कुठल्यातरी रिसॉर्टचे फोटो दाखवतो, पावलांनी अंगण मोजतो आणि उक्ता आकडा सांगतो. आपण हो म्हणून बसतो. ज्याच्या घरात कुदळ, फावडे, खुरपे, घमेले पिढ्यान्‌पिढ्या आहे, ज्याचा बाप माती नुसती हातात घेऊन सांगत असे की यात काय पिकेल, तो शेतकरी आपल्या दारात चार झाडे लावायला ठेकेदार बोलावतो! आता बोला. शेतातली हरळी काढायला आपण मजूर लावतो, आणि दारात गवत लावायलाही मजूरच लावतो.

माझे म्हणणे सरळ आहे. दारातली बाग ही ठेक्याने देण्याची वस्तू नाही. ती घरच्यांनी स्वतः, थोडी थोडी, दोन-तीन वर्षांत करावी. त्यात पैसे वाचतात हे तर खरेच. पण आपल्या नगर जिल्ह्यात (२०२४ साली तो अहिल्यानगर झाला, आमच्या तोंडून नगर जात नाही एवढेच) पैशापेक्षा पाणी महाग आहे. स्वतः केलेल्या बागेत पाणी वाचते, ही त्यातली मोठी गोष्ट आहे.

आमच्या अंगणाचा हिशेब

आधी घरचेच सांगतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी घर बांधले. घराभोवती दोन गुंठे मोकळी जागा उरली. मीही एका गार्डनवाल्याला बोलावले होते, खोटे कशाला बोलू? त्याने आकडा सांगितला एक लाख चाळीस हजार रुपये. त्यातले निम्म्याहून जास्त सिमेंटच्या ठोकळ्यांचे, मग हिरवळ, मग शोभेची झाडे, माती आणि मजुरी. मी मान डोलावली. ओट्यावर गहू निवडत बसलेल्या आमच्या मंडळींनी मात्र मानही वर न करता विचारले, "अहो, त्या गवताला पाणी कोण घालणार? तुमचा गार्डनवाला रोज येणार आहे का?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. ठेका तिथेच मोडला.

पुढे तीन वर्षांत आम्ही जे केले त्याचा खर्च वहीत टिपलेला आहे. मुरमाच्या दोन ट्रॉल्या तीन हजार. तळ्यातल्या गाळाच्या चार ट्रॉल्या चार हजार आठशे. फरशीचे फुटके-उरलेले तुकडे साडेतीन हजार. रोपे अकराशे. पाइप आणि सिमेंट दोन हजार सहाशे. दगड उचलायला दोन गडी दोन दिवस, त्यांचे दोन हजार. एकूण सतरा हजार. म्हणजे एक लाख तेवीस हजार वाचले. हे दर आमच्या गावचे आहेत, तुमच्याकडे कमी-जास्त असतील. पण फरक कुठे पडतो ते ध्यानात घ्या. तो पडतो सिमेंट, हिरवळ आणि घाई या तीन गोष्टींत. या तीन सोडल्या की बाग महाग राहत नाही.

आमच्याही चुका झाल्या. पहिल्याच वर्षी हौसेने एक गुलमोहर हौदाला लागून लावला. एका जाणत्या शेजाऱ्याने वेळीच कान उपटले, "गुरुजी, मुळ्या हौद फोडतील." वर्षाचे झाड जीव कठोर करून काढले. शेवगा लावला तो विजेच्या तारेखाली, आणि त्याची फांदी तर वाऱ्याने कडाकड मोडते. तोही हलवावा लागला. पण चूक आपली असली की नुकसान शे-दोनशेचे होते आणि अक्कल जन्माची येते. ठेकेदाराची चूक झाली तर तो फोन उचलत नाही.

नऊ माणसांचे पाणी

आता पाण्याकडे येऊ. हा हिशेब कोणालाही करता येतो, पाचवीच्या पोरालासुद्धा.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, जवळजवळ १०१ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळ जगवायची तर रोज निदान पाच मिलिमीटर पाणी हवे. म्हणजे एका गुंठ्याला रोज पाचशे लिटर. शंभर दिवसांच्या उन्हाळ्याला पन्नास हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. केंद्राने २०१९ साली जल जीवन मिशन जाहीर केले, त्यात खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. पाचशेला पंचावन्नने भागा. एक गुंठा हिरवळ रोज नऊ माणसांचे पाणी पिते! आणि त्या बदल्यात देते काय? शेळीलासुद्धा त्यावर सोडायची नाही.

उलट दहा झाडे घ्या. लहान असताना आठवड्यातून दोनदा पंधरा-पंधरा लिटर पाणी दिले तर आठवड्याला तीनशे लिटर लागतात. हिरवळीला त्याच आठवड्यात साडेतीन हजार. दोन-तीन वर्षांत कडुनिंब, चिंच, सीताफळ, बोर ही झाडे आपल्या मुळांवर उभी राहतात, मग त्यांचे पाण्यासाठीचे तोंड जवळजवळ मिटते. हिरवळीचे मात्र कधीच मिटत नाही.

कोणी म्हणेल, पाण्याचे एवढे काय घेऊन बसलात, बोअर आहे की. तर २०१८-१९चा उन्हाळा आठवा. जिल्ह्यात शेकडो टँकर फिरत होते, आणि ज्या बोअरच्या भरवशावर बागा लावल्या त्याच फुफाटा ओकत होत्या. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, पण अकोल्याचा पश्चिमेकडचा डोंगरपट्टा सोडला तर बहुतेक पर्जन्यछायेत आहे. घाटघर-रतनवाडीला पाऊस कोसळतो आणि पाथर्डी-कर्जतला आभाळाकडे बघत बसावे लागते. जिथे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास रेंगाळतो, तिथे रिसॉर्टच्या फोटोवरून बाग करणे म्हणजे अंथरूण न पाहता पाय पसरणे.

नगर तालुक्यातले हिवरेबाजार तुम्हाला माहीत आहेच. १९७२च्या दुष्काळानंतर उजाड झालेले हे गाव १९८९पासून पोपटराव पवारांच्या पुढाकाराने उभे राहिले. तिथली खरी गोष्ट नुसती बंधाऱ्यांची आणि चरांची नाही. तिथली ग्रामसभा पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून ठरवते की यंदा कोणते पीक घ्यायचे आणि कोणते नाही. शेतीसाठी बोअर नाही, उसासारखे तहानलेले पीक नाही, हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. माझा प्रश्न एवढाच, की अख्खे गाव पाण्याचा ताळेबंद मांडू शकते, तर एका घराने आपल्या दोन गुंठ्यांचा का मांडू नये?

बाग पाण्यावरच टिकते, हे आपल्या जिल्ह्याने राजेशाहीतही पाहिले आहे. निजामशाहीत नगरच्या भोवती मोठ्या बागा झाल्या. फराहबाग १५८३ साली पुरी झाली. मधोमध तलाव, तलावात महाल. दुरून खापरी नळांनी पाणी आणून या बागा फुलवल्या होत्या. नळ बुजले, पाणी थांबले आणि बाग गेली. आज महालाच्या भिंती उभ्या आहेत. सुलतानाचा खजिना ज्या बागेला पुरला नाही, ती आपण दुधाच्या पगारावर आणि कांद्याच्या पट्टीवर कशी जगवणार?

परदेशातलेही एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत नेवाडा राज्यातले लास व्हेगास शहर वाळवंटात वसलेले. दारापुढे हिरवळ म्हणजे तिकडे प्रतिष्ठा. पण पाणी सरू लागले तेव्हा १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या पाणी संस्थेने लोकांना हिरवळ काढून टाकण्यासाठी पैसे द्यायला सुरुवात केली. २०२१ साली तर घरगुती अंगणे वगळून, रस्त्याकडेच्या आणि इमारतींपुढच्या निव्वळ शोभेच्या हिरवळीविरुद्ध कायदाच झाला. ज्यांच्याकडून आपण हे खूळ घेतले, ते पैसे मोजून ते उपटून टाकत आहेत. आपण मात्र पैसे मोजून लावतो आहोत.

करायचे कसे?

आता कामाचे बोलतो. पहिली गोष्ट म्हणजे घाई करू नका. घर झाल्यावर एक पावसाळा आणि एक उन्हाळा अंगण नुसते बघा. पाणी कुठून येते, कुठे तुंबते, दुपारचे ऊन कोणत्या भिंतीला भाजते, गुरे कुठून जातात, गाडी कुठे वळते, पोरे कुठे खेळतात. हे कागदावर लिहा. ठेकेदाराला ते एका दिवसात कळत नाही, तुम्हाला कळते. कारण तुम्ही तिथे राहता.

दुसरी गोष्ट उताराची. पाण्याचा उतार जोत्यापासून बाहेर असला पाहिजे. हे काम फावड्याने आणि पाण्याच्या नळीच्या लेव्हलने दोघे जण एका रविवारी करू शकतात. चालण्याच्या वाटेवर मुरूम टाकून धुमसाने ठोकावा आणि त्यावर फुटक्या फरश्या बोटभर फट ठेवून बसवाव्यात. फटीतून पावसाचे पाणी जमिनीत जाते. अख्खे अंगण सिमेंटने बंद केले तर पाणी रस्त्यावर जाते आणि ते अंगण रात्री उशिरापर्यंत तव्यासारखे तापलेले राहते. उन्हाळ्यात बाहेर बाज टाकून झोपणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट सांडपाण्याची. पाच माणसांचे घर रोज पावणेतीनशे लिटर पाणी वापरते असे धरले, तर त्यातले बरेचसे मोरीतून बाहेर जाते आणि दारात गटार होऊन डास पोसते. न्हाणीचे पाणी पाइपाने केळी, कर्दळ आणि अळू यांच्या आळ्यात सोडा. ही झाडे ते आनंदाने पितात. केळी मोजून दोन-तीनच लावायच्या, बाग नाही करायची. उरलेल्या पाण्याला मीटरभर लांब, रुंद आणि खोल असा शोषखड्डा घ्या, खाली मोठे दगड, वर लहान. विहीर किंवा बोअरपासून तो लांब असावा. नांदेड जिल्ह्यातल्या गावांनी अशाच शोषखड्ड्यांनी आपली गटारे बंद करून दाखवली आहेत. फक्त साबणाचे पाणी कोथिंबीर, मेथी, मुळा अशा भाज्यांना घालू नये, आणि एकाच जागी सतत तेच पाणी देऊ नये.

पावसाचे पाणीही विसरू नका. आठशे चौरस फुटांच्या स्लॅबवर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर सदतीस हजार लिटर पाणी पडते. गळती वगैरे जाऊन तीस हजार तर हाती लागावेच. ते पन्हळाच्या पाइपाने हौदात किंवा झाडांजवळच्या चरात वळवा. चार इंची पाइपाचे हे काम आहे.

चौथी गोष्ट झाडांची. मोठी झाडे जोत्यापासून पंधरा-वीस फूट लांब लावा. कडुनिंब पश्चिमेला, म्हणजे तिसऱ्या प्रहरचे ऊन अडते. लिंबू, कढीपत्ता, सीताफळ, पेरू, डाळिंब यांपैकी जागेप्रमाणे चार-पाच. लिंबाचे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेले 'साई शरबती' वाण आहे. पेरूचे विचारायचे तर राहाता भागातल्या बागायतदाराला विचारा, तो हातचे राखून सांगणार नाही. रोपे विद्यापीठाच्या, सामाजिक वनीकरणाच्या किंवा खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्या. बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथली कृषी विज्ञान केंद्रे आहेत, तिथे चौकशी करा. आणि भराभर वाढते म्हणून गळ्यात मारले जाणारे कोनोकार्पस घेऊ नका. गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

खड्डे दोन फूट लांब, रुंद आणि खोल असे उन्हाळ्यात खणून तापू द्या. मृगापूर्वी गाळ, कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून भरा. पहिला चांगला पाऊस झाला की रोप लावा. बुडाशी वीतभर उसाचे पाचट अंथरा. हा जिल्हा साखर कारखान्यांचा, पाचटाला काय तोटा? आपण ते पेटवून देतो आणि मग झाडांच्या बुडाची ओल टिकत नाही म्हणून रडतो. पश्चिमेच्या खिडकीपुढे चार मेढी रोवून मांडव घाला आणि त्यावर दुधी, दोडका, घोसाळी, कारली चढवा. सावलीची सावली, भाजीची भाजी.

बियाणे विकत कशाला?

भाजीचे बियाणे दर वर्षी पाकीट फोडून घ्यावे लागते, असे आता सगळ्यांनी धरूनच ठेवले आहे. याला उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी घराभोवतीच्या जागेत परसबाग केली, वाल, घेवडा आणि इतर भाज्या-धान्यांचे गावठी वाण जमवले आणि घरातच बियाण्यांची बँक उभी केली. 'बाएफ' संस्थेची त्यांना साथ मिळाली. बियाणे न्यायचे आणि पीक आल्यावर दुप्पट आणून द्यायचे, असा त्यांचा व्यवहार. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांनी त्यांना 'बीजमाता' म्हटले. २०२०च्या पद्मश्रीच्या यादीत आपल्या जिल्ह्यातले पोपटराव पवार होते आणि राहीबाई पोपेरेही होत्या. एकाने गावाचे पाणी मोजले, दुसरीने दारातले बी जपले. दारातली बाग ही रिकामटेकड्यांची हौस आहे असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

गावठी वाणाचे बी आपले आपल्याला धरता येते. एका वेलावरची दोन-तीन उत्तम फळे न तोडता पिकू द्यायची, वाळवायची, बी राखेत घोळून मडक्यात ठेवायचे. आपल्या आज्ज्या हेच करत होत्या. संकरित भाजीचे बी धरले तर पुढच्या पिढीत वाण फुटतो, म्हणून सुरुवात गावठी बियाण्यानेच करायची.

पण पाणी घालणार कोण?

आता आमच्या मंडळींच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण खरी गोम तिथे आहे. 'स्वतः करा, पैसे वाचवा' असे सांगणे पुरुषांना सोपे जाते. करणारी मात्र बहुतेक वेळा घरातली बाई असते. तिचा दिवस आधीच पहाटे सुरू होतो. धार, भांडी, स्वयंपाक, शेत, पाणी. त्यात आणखी वीस घागरी बागेसाठी. एक लाख तेवीस हजार वाचले असे मी वर मोठ्या तोऱ्यात लिहिले. पण ते जर आमच्या मंडळींच्या पाठीच्या मणक्यातून वाचले असतील, तर ती बचत नव्हे, नुसती खर्चाची नोंद टाळली एवढेच. गावात पुरुषांनी टिकाव मारला तर त्याला श्रमदान म्हणतात, फोटो छापून येतो. घरात बाईने तेच केले तर त्याला नावही नसते.

म्हणून आमच्या घरी आम्ही वाटणी केली. खड्डे, गाळ, दगड, छाटणी हे माझ्याकडे आणि मुलाकडे. काय लावायचे आणि कुठे, हा निर्णय मंडळींचा. पाणी हाताने घालायचेच नाही अशी सोय केली. न्हाणीचे पाणी उताराने आपोआप जाते. फळझाडांच्या बुडाशी जुने माठ गळ्यापर्यंत पुरले आहेत, ते आठवड्यातून दोनदा नातवंडे भरतात. माठ पाझरतो, मुळे ओली राहतात. ज्या बागेला रोज कोणाला तरी राबावे लागते, तिचा आराखडाच चुकला आहे असे समजा.

ठेकेदारांवर माझा राग नाही. त्यांचेही पोट आहे, आणि रोपवाटिकेत काम करणारी गावचीच पोरे आहेत. रोपे त्यांच्याकडूनच घ्या, सल्ल्याचे पैसे मागितले तर तेही द्या. काही कामे तर घरी करूच नयेत. उंच संरक्षक भिंत, विजेची जोडणी, मोठ्या झाडाची तोड ही कामे जाणत्याकडेच द्यावीत. आणि शौचालयाच्या टाकीत कोणीही, कधीही उतरायचे नाही. आतल्या वायूने क्षणात जीव जातो. दोन हजार वाचवायला जीव लावायचा नसतो. स्वतः करण्यात शहाणपण आहे, सगळेच स्वतः करण्यात नाही.

सावडीने करा

ज्यांच्या घरी हात कमी आहेत त्यांनी काय करावे? त्यासाठी आपल्याकडे जुनी रीत आहे, सावड. आज तुमच्या रानात मी, उद्या माझ्या रानात तुम्ही. खुरपणी-काढणीला जी सावड चालते ती अंगणाला का चालू नये? चार घरांनी चार रविवार ठरवावेत. पहिल्या रविवारी एका घरचे खड्डे, दुसऱ्या रविवारी दुसऱ्या घरचे. गाळाची ट्रॉली चौघांत मिळून आणली तर भाडे वाटले जाते. चहा-भाकरी ज्याच्या घरी काम त्याची. आमच्या आळीत आम्ही असे केले, आणि वर्षानुवर्षे बांधावरून अबोला धरलेली दोन घरे एका खड्ड्यात उतरून दगड काढताना बोलू लागली. हा लाभ वहीत कोणत्या रकान्यात लिहायचा ते मला ठाऊक नाही.

ग्रामपंचायतींनाही एक सांगणे आहे. वृक्षारोपणाचे खड्डे दर वर्षी त्याच जागी खणण्यापेक्षा घरटी दोन चांगली रोपे द्या आणि पुढच्या वर्षी ती जगली का, हे ग्रामसभेत विचारा. दारातले झाड जगते, कारण ते कोणाच्या तरी नजरेखाली असते. नव्या घराची नोंद करायला येणाऱ्याला शोषखड्डा दाखवायला सांगा. याला फार पैसे लागत नाहीत, पाठपुरावा लागतो.

तर मंडळी, थोडक्यात काय, तुमच्या घरी वास्तुशांत ठरली असेल आणि गार्डनवाल्याचा कागद टेबलावर असेल, तर सही करण्याआधी तीन गोष्टी करा. हिरवळीचे गुंठे पाचशे लिटरने गुणा. घरात पाणी कोण भरते तिला विचारा. आणि पडवीतली कुदळ काढून तिचा दांडा घट्ट आहे का पाहा.

अक्षय्य तृतीयेला वेलांची आळी करायची आपली जुनी रीत आहे. त्या दिवशी एक आळे करा, चार गावठी बिया टाका. एकाच वेलाने सुरुवात करा. मृगाचा पहिला पाऊस येईल तेव्हा दारात तुमच्या हातचे काहीतरी वर आलेले असेल. त्याला टँकर लागणार नाही, आणि हप्ताही भरावा लागणार नाही.